तो परत आला नव्हता

मी एका माणसाला एका गोष्टीचा शेवट खोटा सांगितला. खरा शेवट मला माहीत होता. तो माझ्या पिशवीत होता, सायक्लोस्टाइल केलेल्या कागदांवर, आणि ती पिशवी त्या वेळी त्याच माणसाच्या खांद्याला होती.

मी प्राथमिक शाळेत मास्तर. गोष्टी सांगणं माझ्या रोजच्या कामातलंच. घंटा व्हायला आली की मी राक्षसाला लवकर मारतो, राजकन्येचं लग्न उरकून टाकतो आणि पोरं दप्तरं उचलून पळतात. गोष्टीचा शेवट थोडा इकडचा तिकडे केला म्हणून कुणाचं वाईट होतं असं मला कधी वाटलं नव्हतं. या एका गोष्टीपायी मात्र एक माणूस कितीतरी पहाटे कंदील घेऊन सडकेवर उभा राहिला, आणि मी अंथरुणात जागा राहून त्याच्या पावलांचा आवाज ऐकत राहिलो. आता वर्गात गोष्ट संपायला आली आणि एखाद्या पोराने "मग?" म्हटलं, की माझा आवाज बसतो. पोरांना वाटतं, गुरुजींना खोकला झालाय.

आमचं गाव पडघ्याच्या अलीकडे, नाशिकच्या सडकेपासून बरंच आत. घरात थोरला भाऊ, वहिनी, मी, माझी बायको आणि मुलं. शेती दादाकडे, नोकरी माझ्याकडे. चाळिशीला आलो तेव्हा हायस्कुलात शिकवावं अशी मला हौस आली. त्यासाठी बी.ए. व्हायला हवं होतं. भिवंडीच्या कॉलेजात सकाळचे वर्ग होते. सकाळी कॉलेज करायचं आणि परत येऊन अकराची शाळा गाठायची, असा माझा बेत. त्यासाठी पहिली एस.टी. पकडावी लागे, आणि ती उजाडायच्या आत सडकेवरून जाई. घरापासून सडकेपर्यंत बांधाबांधाची वाट, मधे ओढा, आणि घोणसांची भीती. दादा म्हणाला, "गड्याला नेत जा बरोबर. कंदील धरील."

गडी म्हणजे आमच्याकडे राबणारा कातकरी. त्याचं लग्न आमच्या वडिलांनी करून दिलं होतं. नवरीचं लुगडं, तांदूळ, ताडी, सगळा खर्च आमच्या घरचा. त्याच्या बदल्यात नवरा-बायकोने आमच्याकडे काम करायचं, खर्च फिटेपर्यंत. अशा गड्याला आमच्या भागात लग्नगडी म्हणत. तो खर्च फिटल्याचं मी कुठल्याच घरात ऐकलं नाही. वडील गेल्यावर जमीन दादाच्या नावावर झाली तसे हे दोघेही दादाचे झाले, आणि त्यात कुणाला काही विचारावं लागलं नाही. मी त्या लग्नाला गेलो होतो. आम्हाला खाट टाकून बसवलं होतं आणि नवरा-नवरी देवाच्या आधी आमच्या पाया पडली होती. मी आशीर्वादही दिला असेल.

तर तो पुढे कंदील धरून चाले, खांद्याला माझी कागदांची पिशवी, आणि मी मागून धोतर सावरत. एस.टी. आली की पिशवी माझ्या हातात देई आणि मग उजेड परत बांधावरून जाताना मला खिडकीतून दिसे.

भिवंडीत धामणकर नाक्याला उतरलो की यंत्रमागांचा खडखडाट कानात शिरायचा, तो परत एस.टी.त बसेपर्यंत निघत नसे. वर्गाच्या खिडक्या उघड्या ठेवल्या तर शिकवलेलं ऐकू येत नसे, लावल्या तर जीव घुसमटे. सगळी पोरं विशीतली. त्यांत टोपीवाला मी एकटाच. माझ्या बाकावरचा मुलगा लूमवर रात्रपाळी करून थेट वर्गात यायचा. त्याच्या भुवयांवरसुद्धा कापसाची भुकटी असे. पहिल्याच दिवशी तो मला म्हणाला, "मास्तर, आप आगे सरको. तुमची टोपी मोठी हाय. तिच्या आडोशाला माझी झोप होते."

"आणि बाईंनी तुला काही विचारलं तर?"

"तर हळूच कोपर मारायचं. बस. उस्ताद लोग इतना तो करते हैं."

इंग्रजी शिकवणाऱ्या बाई कल्याणहून येत. वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. मी त्यांना बाई म्हणे, त्या मला गुरुजी म्हणत. त्या पावसाळ्यात एकदा त्यांनी कागदांचा एक गठ्ठा वर्गात वाटला. "हे परीक्षेला येणार नाही," त्या म्हणाल्या, "तरी आपण वाचू." अमेरिकेतल्या गुलामांनी पळून जाऊन, लिहायला शिकून, स्वतःच्या हाताने लिहिलेल्या हकिकती होत्या त्या. बऱ्याच हकिकती एकाच वाक्याने सुरू होत होत्या: माझा जन्म झाला. कुठे झाला ते पुढे लिहिलेलं असे. कधी झाला ते बहुतेकांना ठाऊक नसे. बाई म्हणाल्या, "मालकाच्या वहीत घोड्याच्या शिंगराची तारीख असायची. यांची नसायची."

त्यांतली एक हकिकत आम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मालकाची बैलगाडी गिरणीवर नेणारा एक माणूस. त्याची बायको शेजारच्या मालकाकडे. तीच त्याला म्हणते, तू पुढे जा, मी मागून येते. मग तो उत्तरेकडे निघतो. माझं इंग्रजी कच्चं. मी एस.टी.त शब्दकोश मांडीवर घेऊन एकेक ओळ लावत असे. चाबकाचं पान वर्गात मोठ्याने वाचायची पाळी माझ्यावर आली, आणि वाचता वाचता माझे डोळे भरले. बाकावरचा मुलगा नेमका जागा होता.

"मास्तर, हा तुमचा कोण लागतो?" त्याने हळूच विचारलं.

पोरं हसली. मी चष्मा पुसला. त्या वेळी मला वाटत होतं, हा मीच आहे. अनवाणी शाळेत गेलेला, हेडमास्तरांचा मार खाल्लेला, कुणब्याचा पोर. ते पान वाचताना मला आमच्या गड्याची आठवण झाली असं इथे लिहिलं तर बरं दिसेल. पण मला त्याची आठवण झाली नव्हती.

त्यानेच एकदा विचारलं. एस.टी.ला उशीर झाला होता आणि मी सडकेच्या दगडावर बसून त्याच्या कंदिलाच्या उजेडात वाचत होतो.

"गुरुजी, रोज ह्येच कागद वाचता. काय लिवलाय त्यात?"

"एका माणसाची गोष्ट आहे."

"राजाची?"

"नाही रे. एका गड्याची."

तो हसला. "गड्याची कोन लिवतंय?"

"त्याने स्वतःच लिहिली."

त्याने कंदील जरा कागदांच्या जवळ आणला. मी सांगायला सुरुवात केली ती अशी. त्या दिवसापासून रोज पहाटे, बांधावरून चालताना, जेवढं आदल्या दिवशी वर्गात झालं तेवढं मी त्याला सांगू लागलो. सांगताना मला फार बरं वाटे. मुलांना सांगताना वाटतं त्याहून बरं. मी थांबलो की पुढून आवाज येई, "मंग?" वळून न बघता, पाय न थांबवता. "मंग?" मी सांगितलेलं तो घरी जाऊन बायकोला सांगे. ती गोठ्यात शेण भरता भरता ऐके. माझी बायको म्हणायची, "तुमचं कॉलेज आता गोठ्यात भरायला लागलंय."

गोष्टीतल्या बायकोचं बोलणं तिला फार आवडलं होतं. वहिनीने तिला एकदा पाणी आणायला पुढे पाठवलं, तेव्हा ती आमच्याकडे बघून तेच उलटवून म्हणाली, "मी फुडं जातंय, तुमी या मागून," आणि तोंडाला पदर लावून हसली. कुणालाच त्यात काही दिसलं नाही. मीही हसलो.

मग गोष्ट उत्तरेच्या ताऱ्यापाशी आली. तो माणूस रात्री चालायचा आणि तारा धरून वाट काढायचा. गड्याने चालता चालता वर बघितलं.

"उत्तर म्हंजे कोनती बाजू, गुरुजी?"

मी मास्तर. मला दिशा शिकवायला आवडतात. मी त्याला उगवतीकडे तोंड करून उभं केलं आणि म्हटलं, "हा तुझा डावा हात. ही उत्तर."

"आनि ही सडक?"

"ही नाशिकला जाते. तीही साधारण उत्तरेलाच."

त्या दिवसापासून आम्ही सडकेवर पोचलो की मी माझ्या एस.टी.ची वाट बघत दगडावर बसायचो आणि तो डाव्या हाताकडे बघत राहायचा. माल भरलेले ट्रक नाशिककडे जात. त्यांचे मागचे लाल दिवे दिसेनासे होईपर्यंत त्याची मान त्या बाजूला असे. एकदा त्याने विचारलं, "ह्यांच्यात मानसं बी बसत्यात कं?" मी म्हटलं, ड्रायव्हरला विचारलं तर बसवतो.

भात कापणीला आलं. दिवाळीच्या सुमाराला रेडिओवर सांगितलं की वेठबिगारी बंद झाली, कुणाचंही जुनं देणं असलं तरी ते संपलं. आणीबाणीचं वर्ष होतं ते. रेडिओवर बरंच काही सांगत. दादाने बातमी ऐकून रेडिओ बंद केला आणि खळं सारवायला माणसं लावली. दोन दिवसांनी जेवताना तो मला म्हणाला, "काय शिकवतोस रे त्याला?"

"कुणाला?"

"गड्याला. काल खळ्यावर मला विचारतो, धनी, नाशकाच्या फुडं काय हाय?"

"गोष्ट सांगतो एक. अभ्यासातली."

"सांग की. गोष्ट सांगायला माझी ना न्हाय," दादा भाकरी मोडत म्हणाला. "पन भात घरात येऊ दे. ह्यो गेला तं झोडणीला कोन, तू येशील? का तुझी ती बाई येल कल्यानहून?"

वहिनी हसली, मीही हसलो. दादा रागावला असता तर कदाचित मी भांडलो असतो. तो रागावला नाही. त्याने माझ्या पानात आणखी वरण वाढलं. माझ्या कॉलेजची फी तोच भरत होता, माझ्या मुलांच्या पोटात जाणारा तांदूळ त्याच्याच खळ्यावरचा होता. आणि ते भात झोडून, भरून घरात कोण आणतं, हे त्या रात्री मी पहिल्यांदा मनात मोजून बघितलं. मोजलं आणि भ्यालो.

दुसऱ्या दिवशी पहाटे गोष्टीचं शेवटचं पान राहिलं होतं.

"मंग?" बांधावर पाय ठेवताच तो म्हणाला. "नदी आली व्हती. गेला का पार?"

"गेला."

"हां!" त्याचा कंदील जोरात हलला. "मंग?"

मी जरा वेळ चालत राहिलो. मग म्हणालो, "पलीकडे फार थंडी होती. त्याला कुणी ओळखेना. काम मिळेना. भाकरी मिळेना. बरेच दिवस भटकला. शेवटी परत आला."

"परत? धन्याकडं?"

"हो. धन्याने त्याला घरात घेतलं. म्हणाला, मीच तुझा मायबाप. मग राहिला तिथेच."

ओढा आला, आम्ही दगडांवरून पलीकडे गेलो. सडकेवर पोचल्यावर त्याने वात कमी केली आणि म्हणाला, "बरा झाला. भाकर तरी गावली." नाशिककडे जाणारा एक ट्रक आमच्या समोरून गेला. त्याने तिकडे बघितलं नाही.

त्या दिवसापासून आमच्या वाटेवरचं बोलणं संपलं.

वर्गात मात्र त्या हकिकती संपल्या नव्हत्या. बाईंनी आम्हा प्रत्येकाला एक पान लिहायला सांगितलं होतं, त्या माणसांनी लिहिलं तसं, "मी" पासून सुरू होणारं. अट अशी की नाव, जात, गाव आणि बापाचं नाव यांतलं काही लिहायचं नाही. पोरं हादरली. एकाने विचारलं, "मग उरतं काय?" बाई म्हणाल्या, "तेच बघायचंय." बाकावरच्या मुलाने लिहिलं होतं की रात्री मी लूमचा असतो, सकाळी मॅडमचा, झोपेत कुणाचा असतो ते झोप लागली की कळेल. वर्ग हसला, बाईही हसल्या, पण त्याचं पान त्यांनी पुन्हा वाचून दाखवलं. मी लिहिलं होतं: मी एक शिक्षक आहे, मी गरिबीतून वर आलो, मला अन्यायाची चीड आहे. बाईंनी माझं पान परत करताना हळू आवाजात म्हटलं, "गुरुजी, हे तर लोक तुम्हाला काय म्हणतात ते झालं. तुम्ही पुन्हा लिहा." मी ते पुन्हा लिहिलं नाही.

त्याच तासाला बाकावरच्या मुलाने बाईंना विचारलं, "मॅडम, हे लिहिलेलं मालकांच्या पोरांनी पण वाचलं असेल ना? त्यांना काय वाटलं?"

बाई म्हणाल्या, "पुष्कळांना वाटलं, हे खोटं आहे. आमच्या घरचे तर सुखात आहेत. आम्ही विचारलं की तसंच सांगतात."

"मग ते तसं का सांगायचे?"

"विचारणारा कोण आहे, कुणाच्या अंगणात विचारतोय, ते बघून माणूस उत्तर देतो. मालक ऐकत असताना सुखी आहेस का असं विचारलं, तर दुसरं काय सांगणार? ते उत्तर कधी खरं धरायचं नसतं."

मी हे वाक्य कागदाच्या कडेला लिहून घेतलं. खाली रेघही मारली.

थंडी सरता सरता तालुक्याहून एक साहेब आला, लग्नगड्यांचे जबाब घ्यायला. आदल्या दिवशी संध्याकाळी मी परसात हात धुवत होतो तेव्हा गड्याची बायको पाण्याची कळशी घेऊन जवळ आली. ती माझ्याशी एरवी कधी सरळ बोलत नसे.

"गुरुजी, उद्या सायब येतंय?"

"हो."

"त्यो बोलायचा न्हाय. धन्याम्होरं त्याची जीभ वर येत न्हाय. तुमी सांगा सायबाला. तुमी शिकलेलं हाव. आमाला जायाचाय. माझा भाव हाय तिकडं, कसाऱ्याच्या फुडं."

मी म्हटलं, "बघतो."

साहेब ओटीवर बसला. वहिनीने चहा-पोहे आणले. पंच म्हणून शाळेच्या गुरुजींची सही चांगली, असं साहेबच म्हणाला. गडी अंगणात उकिडवा बसला होता. त्याची बायको गोठ्याच्या दाराशी, शेणाची पाटी कमरेला. दादा खांबाला टेकून सुपारी कातरत होता.

"काय रे," साहेबाने विचारलं, "इथे तुला कुणी जबरदस्तीने ठेवलंय का? का राजीखुशीने राहतोस?"

"राजीखुशीनं, सायब."

"जायचं असेल तर जाऊ शकतोस. सरकारने सोडलंय तुला. कळतंय ना?"

"कुठं जाऊ, सायब? धनीच मायबाप हाय." आणि मग त्याने माझ्याकडे बघितलं. शाळेत कविता पाठ म्हणून झाली की पोरं गुरुजींकडे बघतात, तसं. बरोबर आलं का, असं. "गुरुजींस्नी इचारा. तो बी परत आलता."

साहेबाने पेन थांबवलं. "कोण परत आला होता?"

सगळे माझ्याकडे बघत होते. दादाचा अडकित्ता थांबला होता. मला त्या क्षणी बाईंचा आवाज स्पष्ट ऐकू आला, आणि कागदाच्या कडेची रेघ डोळ्यांसमोर आली. एक वाक्य पुरे होतं. साहेब, याला बाजूला घेऊन विचारा, एवढं.

"काही नाही, साहेब," मी म्हणालो. "मी त्याला एक गोष्ट सांगितली होती. त्यातला."

साहेब हसला. दादा हसला. गडीही हसला, सगळे हसले म्हणून. मी सही केली.

शेजारच्या पाड्यावरचे दोघे-तिघे त्या वर्षी सुटल्याचा कागद घेऊन गेले. आमचा राहिला.

साहेबाची जीप गेल्यावर गड्याची बायको माझ्यापाशी आली नाही. आली ती चार-सहा दिवसांनी, मी शाळेत निघालो असताना, वाटेत.

"गुरुजी, ती गोष्ट तशीच व्हती?"

"कशी?"

"परत आला ती."

"हो," मी म्हणालो. "तशीच."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आनि मागून येनार व्हती ती बायको? ती कुठं गेली मंग?" मी शाळेला उशीर होतोय म्हणून सांगितलं.

ती होळीनंतर गेली. वीटभट्टीची माणसं घेऊन एक ट्रक कसाऱ्याकडे चालला होता, त्यात बसली. जाताना नवऱ्याला म्हणाली, "मी फुडं जातंय, तू ये मागून." हे त्यानेच आम्हाला सांगितलं, अंगणात उभा राहून, जणू ती पाणी आणायला गेली आहे. दादा म्हणाला, "बाय गेली तं गेली. गडी हाय ना." ज्या लग्नापायी तो आमच्याकडे बांधला गेला होता ते लग्न असं ट्रकमध्ये बसून निघून गेलं, आणि तो मात्र होता तिथेच राहिला.

मी त्याला म्हटलं, "तू का नाही गेलास रे?"

"येल ती," तो म्हणाला. "तिकडं थंडी हाय. येल परतून. तोबी आलता."

त्यानंतर सडकेवर तो पुन्हा डाव्या हाताला बघू लागला. आता मात्र जाणाऱ्या गाड्यांकडे नाही, येणाऱ्या. पडघ्याहून सुटणारी माझी एस.टी. यायची, मी चढायचो, पण कंदिलाचा उजेड बांधाकडे वळायचा नाही. नाशिककडून येणारी पहिली गाडी थांबून जाईपर्यंत तो उभा असे. खिडकीतून मागे बघायचं मी सोडून दिलं. वर्गातही माझं लक्ष लागेना. बाकावरचा मुलगा म्हणे, "क्या मास्तर, आजकल तुम सोते हो, हम जागते हैं."

मी बी.ए. झालो. कसाबसा, हायस्कूल काही मिळालं नाही. पहाटेचं जाणं संपलं. पहिल्या दिवशी पहाटे मला सवयीने जाग आली आणि अंगणात पावलं वाजली. कडी वाजली, काडी ओढल्याचा आवाज आला, आणि भिंतीच्या फटीतून उजेड सरकत गेला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. कुणाला पोचवायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तेच. पावसात, थंडीत, तेच. दादाला त्याचं काही वाटत नसे. गाडी बघून तो वेळेवर कामाला येई, रॉकेलही फार जाळत नसे. माझी बायको झोपेत कूस बदलून म्हणे, "गेला वाटतं." घरातल्या सगळ्यांना त्या आवाजाची सवय झाली. मला झाली नाही. सुट्टीत सासरवाडीला गेलो तरी त्या वेळेला जाग यायची आणि तिथल्या भिंतीवर मी उजेड शोधायचो.

बाईंनी परत केलेलं पान मी ठेवलं होतं. एकदा ते काढून मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला बसलो. "मी" लिहिलं. पुढे बराच वेळ काही सुचलं नाही. मग जे लिहिलं ते एवढंच होतं: मी एका माणसाला खोटं सांगून थांबवून ठेवलं आहे. नाव, जात, गाव, बापाचं नाव यांतलं त्यात काही नव्हतं.

त्या संध्याकाळी मी दादाला म्हणालो, "मी गड्याला खरं सांगणार आहे. गोष्टीचं. आणि तालुक्याला जाऊन त्या साहेबालाही सांगणार आहे, की मी सही केली तो जबाब खोटा होता."

दादाने माझ्याकडे बघितलं. तो आता म्हातारा दिसायला लागला होता. "सांग," तो म्हणाला. "आता सांगून तो जानार कुठं? त्याची जायाची उमेद तूच काढलीस, मी न्हाय काढली."

दुसऱ्या दिवशी पहाटे पावलं वाजली तसा मी उठून बाहेर आलो. त्याने मला बघितलं, सवयीने हात पुढे केला. पिशवी घ्यायला. मी म्हटलं, "पिशवी नाही. चल, मी येतो." कंदील त्याच्या हातातून मी घ्यायला गेलो तर त्याने दिला नाही. म्हणून तो पुढे आणि मी मागे, असेच निघालो. सडकेवर पोचलो. तो डाव्या हाताला बघत उभा राहिला. मी दगडावर बसलो.

"ती गोष्ट आठवते तुला?"

"गाडीवाल्याची? हां."

"तो परत आला नव्हता."

त्याने मान वळवली नाही.

"तो नदी पार गेला. पलीकडे एकाने त्याला गवताच्या कोठारात झोपायला जागा दिली. रोजच्यासारखी त्याला अंधारातच जाग आली. उठून उभा राहिला, कुणी हाक मारील म्हणून. कुणी मारली नाही. तसाच उभा राहिला. उजाडलं, ऊन आत आलं, तरी कुणी हाक मारली नाही. मग तो खाली बसला. कागदात शेवट इथे आहे."

"बायको?"

"ती आली का, ते लिहिलेलं नाही. पण तो परत गेला नाही एवढं लिहिलंय. थंडीचं, भाकरीचं, मायबापाचं, ते सगळं मी माझ्या मनाचं घातलं. तू जाशील म्हणून. भात झोडायचं होतं म्हणून."

नाशिककडून एक गाडी आली. थांबली. दोन माणसं उतरली, दोघेही पुरुष. ते दोघे आमच्यासमोरून गावाच्या वाटेला लागले. गाडी निघून गेली. पूर्वेकडे उजाडत होतं, तरी त्याने कंदील विझवला नव्हता.

"मंग?" तो म्हणाला.

किती वर्षांनी त्याच्या तोंडून हा शब्द मी ऐकत होतो. मी दगडावरून उठलो. आमच्याकडे धन्याने गड्याच्या पाया पडायची रीत नाही, आणि मी वाकलो तेव्हा तो दचकून मागे सरला, म्हणून माझे हात त्याच्या पायांपर्यंत पोचले नाहीत. सडकेच्या खडीवरच टेकले.

"मग माझं चुकलं," मी म्हणालो. "तुझा मी गुन्हेगार आहे. तिचाही आहे. मला माफ कर."